चुन्याला सबसिडी नाही

आमच्या घराला वरचा मजला नाही. असायला हवा होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९८६ मध्ये मानेवाड्याकडे प्लॉट घेऊन खालचं बांधलं, तेव्हा वरचं पुढे मुलं बांधतील म्हणून पिलरचे गज स्लॅबच्या वर दोन-दोन हात सोडून ठेवले. ते गज अडतीस वर्षं तसेच उभे होते. गंजून लाल झालेले, दोघांमध्ये नायलॉनची दोरी बांधलेली, उन्हाळ्यात तिच्यावर कुरड्यांना आडोसा म्हणून टाकलेली जुनी साडी. नागपूरच्या कुठल्याही जुन्या लेआउटमध्ये फिरा, अशी घरं दर गल्लीत दिसतील. आमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच होता की डोक्यावर पाच इंचांचा उघडा स्लॅब, आणि स्लॅबवर थेट सूर्य.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, ते आठवत असेल. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. आमच्या आईंनी (सासूबाई, वय ७९) पेपर खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बिघडलं नसन ते. आपल्या स्लॅबवर ठेवलं असन."

ज्यांच्याकडे वर मजला आहे त्यांना हे कळणार नाही. दुपारी घर तसं बरं असतं. कूलर चालू, खिडक्यांना पडदे, माठातलं पाणी. खरा त्रास रात्री आठनंतर. दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता स्लॅब रात्री खाली सोडायला लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बरं वाटतं, आणि आत पंखा लावला की तो छताजवळची गरम हवा ओढून अंगावर फेकतो. त्या वर्षी आम्ही अकरा रात्री अंगणात झोपलो. माझा मुलगा बारावीत होता. त्याचं टेबल अंगणात लावलं, तर डास.

एसी घ्यावा असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, त्यामुळे कुठल्याही खर्चाआधी कागदावर आकडे मांडायची खोड आहे. आमचं बिल उन्हाळ्यात साडेतीनशे युनिटच्या आसपास जायचं. महावितरणच्या घरगुती दरांत शंभरपर्यंत एक भाव, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. एसी आला की आम्ही तिसऱ्या पायरीवर कायमचे बसणार होतो. त्यातही ज्या खोलीत एसी, तिचंही छत तेच. म्हणजे स्लॅब तापवणार, एसी थंड करणार, आणि दोघांच्या भांडणाचं बिल आपण भरणार.

तेव्हा मनात आलं की घरच दुरुस्त करावं. छतावर काहीतरी करावं, जुने पंखे काढावेत, पश्चिमेच्या खिडकीला छज्जा काढावा. आणि सरकार वीज वाचवा म्हणून इतकं ओरडत असतं, तर या कामाला काही मदत मिळते का ते तरी पाहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी ही शोधाशोध सुरू केली. पुढचे आठ महिने त्यात गेले.

पहिली फेरी बँकेत. कुठली ते सांगत नाही, माझं पगाराचं खातं तिथेच आहे. घरदुरुस्तीचं कर्ज असतं, ते मला माहीत होतं. समोरच्या मुलाने यादी दिली: मंजूर नकाशा, आरएल, कराची पावती, वारसांचे कागद, कंत्राटदाराचं अंदाजपत्रक, त्यावर इंजिनिअरची सही. नागपूरबाहेरच्यांसाठी: आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. १९८० च्या दशकातले आमच्यासारखे लेआउट मुळात मंजूर नव्हतेच, २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर पैसे भरून ते नियमित झाले. आरएल आमच्याकडे होतं. पण मागचं स्वयंपाकघर अण्णांनी १९९४ मध्ये वाढवलेलं, ते कुठल्याच नकाशात नाही. छताला रंग मारायला दीड लाख हवेत, त्यासाठी घराची पत्रिका मांडून गुण जुळवावे लागणार होते. मी यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि परत आले.

माझा टॅक्स भरणारा सीए म्हणाला की तशीही त्यात मजा नाही. घर विकत घ्यायला किंवा बांधायला कर्ज काढलं तर जुन्या करप्रणालीत व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट, आणि दुरुस्तीसाठी काढलं तर तीस हजार. नव्या प्रणालीत, राहत्या घराला, दोन्हीकडे शून्य. मी पुन्हा विचारलं, तेच काम तर आहे ना, घर राहण्याजोगं करणं? तो हसला. "मॅडम, नवं घर घ्या."

हे 'नवं घर घ्या' मला पुढे निरनिराळ्या शब्दांत बऱ्याच ठिकाणी ऐकू आलं. आमच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचे यजमान ऊर्जा लेखापरीक्षक आहेत, म्हणजे बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा देऊन झालेले. एका रविवारी ते घरी आले, चहा घेतला, गच्चीवर गेले, गजांना हात लावून पाहिला, आणि खाली येऊन सगळं चित्र समजावून सांगितलं. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ पासून आहे, २०१७ मध्ये ती सुधारली. पण ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी, १०० किलोवॉटच्या वर भार असणाऱ्या. घरांसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आली. तिच्यात छताचाही नियम आहे: छतातून किती उष्णता आत येते त्याचा एक आकडा असतो, तो १.२ च्या वर जाता कामा नये. आमच्या उघड्या स्लॅबचा आकडा त्यांनी तिथेच कागदावर काढला. तीनच्या वर. पण ही संहिता नव्याने उभ्या राहणाऱ्या वसाहतींसाठी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय (म्हणजे प्लॉटवर जास्त बांधायची मुभा) मिळतो. बिल्डरला त्याचा उपयोग. आमच्यासारख्याला जादा एफएसआय म्हणजे टकलाला कंगवा. आहे तोच वापरला नाही, म्हणून तर गज उभे.

२०१९ मध्ये केंद्राने कूलिंग अॅक्शन प्लॅन काढला, त्यात २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करायचं लिहिलंय. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. "पण तुम्ही विचारून राहिल्या ना, की माझ्या या नऊशे फुटांच्या स्लॅबवर कोणी शंभर रुपये देईल का," ते म्हणाले, "तर त्याला मला एकच योजना माहीत आहे. ती स्लॅबसाठी नाही, स्लॅबवर जे ठेवाल त्यासाठी आहे."

सोलर. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॉटला ७८ हजार. त्याच्या वर कितीही लावा, ७८ हजारच. नागपुरात तर तेव्हा दर दोन घरांआड गच्चीवर पॅनेल चढत होते.

जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली होती. आधी ऊन अडवा, मग पंखे बदला, मग सहा महिने मीटर पाहा, आणि मग पॅनेल किती लागतात ते ठरवा. उलट केलंत तर गळक्या हंड्यासाठी मोठा नळ घेतल्यासारखं होईल.

आम्ही अर्थातच उलट केलं. पण ते पुढे.

पंखे दिवाळीतच बदलले. घरात पाच पंखे, सगळ्यात जुना अण्णांच्या काळातला, ७५ ते ८० वॉट खाणारा. नवे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, २८ ते ३२ वॉटचे. पंख्याला ४५ वॉट वाचले, पाच पंखे, रोजचे बारा तास धरा: दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८१. तीनशेची पायरी खाली उतरायला एवढं पुरे. पंख्यांवर स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानात निवड सोपी होती. पैसे मात्र पूर्ण आपले. या पंख्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढावा लागतो, आणि मग सगळा कारभार रिमोटवर. आईंना रिमोट सापडत नाही. सापडला तर तो दिवाणखान्याचा असतो आणि बंद होतो मुलाच्या खोलीतला पंखा. शेवटी त्यांच्या पलंगाला नाडीने एक रिमोट बांधून टाकला.

आता सोलर. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला आणि नाव आलं अण्णांचं. अण्णा २०१८ मध्ये गेले. सहा वर्षं आम्ही त्यांच्या नावाचं बिल भरत होतो, कधी वाटलंच नाही की बदलावं. अनुदान ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच खात्यात जाणार. म्हणजे आधी नावबदल. ही चूक सर्वस्वी आमची, दुसऱ्या कोणाची नाही, आणि ज्यांची बिलं अजून वडलांच्या, आजोबांच्या नावावर आहेत (मी वर्गात विचारलं होतं, निम्म्याहून जास्त हात वर झाले) त्यांनी सोलरचा विचार असो नसो, हे काम आजच करून टाकावं.

बिल माझ्या नवऱ्याच्या नावावर करायचं ठरलं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, कराची पावती आणि बाकी वारसांचं ना-हरकत. बाकी वारस म्हणजे आई, पुण्याचे भाऊजी आणि अमरावतीची ताई. स्टॅम्प पेपर आता पाचशेचा. ताईने दोन दिवसांत सही करून पाठवला. भाऊजींनी फोन केला. "वहिनी, सोलर लावताय ते ठीक आहे, पण मग वरचा मजला?" मी म्हटलं, भाऊजी, पुण्याहून तुम्ही परत येणार आहात का? थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. "नाही, तसं नाही. विचारलं आपलं." सही आली, पण तीन आठवड्यांनी.

आईंची सही घरातच घ्यायची होती, म्हणून मी ती सोपी समजत होते. त्या चष्मा लावून पूर्ण कागद वाचत बसल्या. मग विचारलं, "म्हणजे यानंतर त्याईचं नाव येनार नाही बिलावर?" नाही येणार, म्हटलं. त्यांनी सही केली, पेन टोपण लावून परत दिलं, आणि जानेवारीचं बिल, अण्णांच्या नावाचं शेवटचं, फाईलला लावू दिलं नाही. ते कुठे ठेवलंय मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत नाव बदललं आणि विक्रेते यायला लागले. पहिला आला तो मोजमाप न घेताच म्हणाला, "मॅडम, पाचचा लावून घ्या ना, टेन्शनच नाही." मी म्हटलं, सबसिडी तर तीनलाच थांबते. "हो, पण जागा आहे ना." दुसरा बरा वाटला. त्याने सावली पाहिली. दक्षिणेच्या बाजूच्या गजांची सावली सकाळी पॅनेलवर पडणार होती, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी आख्ख्या ओळीची वीज घटते. "हे गज कापावे लागतीन."

संध्याकाळी जेवताना तो विषय निघाला. नवरा ताटाकडे पाहत होता. आई म्हणाल्या, "काप ना मग. वर कोन राहनार हाय." दुसऱ्या दिवशी वेल्डर येऊन कटरने दक्षिणेकडच्या पाच पिलरचे गज कापून गेला. उत्तरेकडचे ठेवले, त्यांची अडचण नव्हती. आणि दोरीही लागते.

त्या रात्री मी पुन्हा वही काढली. वर्षाचा आमचा वापर ३,३०० युनिट होता. पंख्यांनंतर आणि छताचं काही केल्यानंतर तो २,७०० पर्यंत यावा. नागपुरात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॉटचे वर्षाला २,९०० च्या आसपास. दोन पुरेसे होते. पण दोनला अनुदान ६० हजार आणि तीनला ७८. हे मला फार लागलं. ज्याने स्वतःच्या पैशाने पंखे बदलले, छत थंड केलं, गरज कमी केली, त्याला अठरा हजार कमी. जो जुने पंखे आणि तापलेला स्लॅब तसाच ठेवून तीन किलोवॉट लावतो त्याला पूर्ण. योजना वीज तयार करायचे पैसे देते, न लागणाऱ्या विजेचे देत नाही. न लागलेली वीज कुठल्या मीटरवर दिसणार म्हणा.

एवढं सगळं कळूनही मी तीनवरच सही केली. हिशेब दोनचा, सही तीनची. पुढे मुलगा विजेवरची स्कूटर घेईल, एखादा एसी लागेल, वगैरे कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण ते अठरा हजार.

एकूण खर्च १ लाख ९५ हजार. कर्ज त्याच बँकेत, त्याच मुलाकडे. या वेळी त्याने वीजबिल, विक्रेत्याचं कोटेशन, आधार, पॅन घेतलं. नकाशा नाही, आरएल नाही, १९९४ च्या स्वयंपाकघराचं नावही नाही. तारण नाही. व्याज सातच्या आसपास, आमचे दहा टक्के भरायचे. पाच दिवसांत मंजूर. मी त्याला विचारलं की पॅनेल बसणार त्याच स्लॅबवर ना, ज्याच्या दुरुस्तीसाठी तुम्ही पत्रिका मागत होतात? तो म्हणाला, "मॅडम, ती वेगळी स्कीम आहे."

कोटेशनमध्ये एक गोष्ट पाहून घ्या. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीचे लागतात, आतल्या सेलसकट. बाजारात स्वस्त पॅनेलही असतात, ते लावून वरून अनुदानाची आशा दाखवणारेही असतात. आणि पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तो करार वाचून सही करा. मी वाचला होता, पण पुरेसा नाही. आणि जीएसटी. आम्ही घेतले तेव्हा पॅनेलवर १२ टक्के होता; सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ झाला. नशीब.

मधल्या काळात मी छताचं काम उरकून घेतलं. लेखापरीक्षकांनी तीन पर्याय सांगितले होते: पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक, उष्णता परतवणारा तयार रंग, किंवा चुना. मोझॅक सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात महाग. बजेट चुन्याचंच होतं. चुना लावून घेणे या वाक्प्रचारावरून घरात जे विनोद व्हायचे ते सगळे झाले.

चुन्याचं काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आमच्याकडे भिंती रंगवणारे एक जुने पेंटर आहेत, साठीच्या पुढचे. पिशवीतली तयार पावडर त्यांनी हातात घेऊन परत ठेवली आणि कळीचा चुना आणायला लावला. लोखंडी ड्रममध्ये पाणी, त्यात ढेकळं. दोन मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम खदखदायला लागतं, वाफ येते, ड्रमला हात लावता येत नाही. "लांब राहा बाई, डोळ्यात उडला तर डोळा जाते." रात्रभर तो तसाच ठेवला. सकाळी जुन्या धोतराने गाळला, साय काढलेल्या दुधासारखा दिसत होता. त्यात फेविकॉल. मग लगेच लावायला सुरुवात करतील असं मला वाटलं, तर ते झाडाखाली बसून राहिले. उन्हात मारला तर चुना क्षणात वाळतो आणि पापुद्रे सुटतात. संध्याकाळी पाचला सगळा स्लॅब पाण्याने भिजवला आणि ओल्यावर पहिला हात, पूर्व-पश्चिम. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा हात, उत्तर-दक्षिण. ओला असताना चुना दिसतच नाही, राखाडी पाणी फासल्यासारखं वाटतं. सकाळी गच्चीचं दार उघडलं आणि डोळे दिपले.

कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचा एक चौकोन मी मुद्दाम कोरा ठेवायला सांगितला. पेंटर म्हणाले, "हे काहून?" मापायला, म्हटलं. भाचा एसी दुरुस्तीचं काम करतो, त्याच्याकडे लांबून तापमान मोजायची बंदूक आहे. (करोनातली कपाळाची बंदूक घरात होती. ती स्लॅबवर धरली तर नुसतं 'हाय' दाखवते, म्हणजे तापमान जास्त. तेवढं मलाही माहीत होतं.) एप्रिलच्या मध्यावर, दुपारी अडीचला, कोरा चौकोन ६१, शेजारचा चुना ४३. रात्री नऊला खाली छताच्या आतून: शेजारच्या काकूंकडे, त्यांचाही आमच्यासारखाच एकमजली स्लॅब, ४१, आमच्याकडे ३७. चार अंश ऐकायला कमी वाटतात. पंखा कोणती हवा अंगावर टाकतो त्यात ते कळतात. चुना, फेविकॉल, दोन दिवसांची मजुरी धरून सगळा खर्च पाच हजारांच्या आत. आठ महिन्यांत मी जे काही केलं त्यात रात्रीच्या झोपेला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला, आणि याच कामासाठी कुठलाही अर्ज उपलब्ध नाही.

त्यानंतर आठवड्याने पॅनेलवाले आले आणि त्या पांढऱ्याशुभ्र स्लॅबला ड्रिलने छत्तीस भोकं पाडली. आधी कळस मग पाया म्हणतात तो प्रकार. स्ट्रक्चरचे नऊ पाय, प्रत्येकाला चार बोल्ट. खरं तर पायांचे सिमेंटचे चौथरे आधी ओतून घ्यायचे, बोल्ट त्यातच बसवायचे, आणि सगळं झाल्यावर शेवटी चुना मारायचा. माझा उत्साह नडला. मी कॉलेजात होते, घरी आई. त्यांनी विचारलं म्हणे, की पाणी जाईल का. "नाही आजी, केमिकल भरून देतो." केमिकल सहा पायांना भरलं. तीन राहिले.

तपासणी, मीटर, पोर्टलवर फोटो, हे सगळं सुरळीत झालं. दहा किलोवॉटपर्यंत आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, २०२४ च्या नियमबदलापासून अर्ज मान्य धरतात. दोन्हीकडे धावणारा मीटर एप्रिलच्या शेवटी लागला आणि ७८ हजार रुपये सव्विसाव्या दिवशी खात्यात आले. नवऱ्याने मेसेज मला तीनदा दाखवला. त्यातले साठच आपले होते, हे मी मनातच म्हटलं.

जूनच्या दुसऱ्या पावसात मुलाच्या टेबलावर थेंब पडला. मग स्वयंपाकघरात. विक्रेत्याला फोन. देखभालीच्या करारात यंत्रणा येते, त्याच्या मते स्लॅब येत नाही. माझ्या मते यंत्रणा ज्या बोल्टवर उभी आहे तो यंत्रणेतच येतो. या वाक्यावर आम्ही नऊ दिवस घालवले. शेवटी अर्धे पैसे त्याने दिले, अर्धे आम्ही. पावसाच्या उघडीपीत नऊही पायांभोवती ग्राउट भरून सिमेंटची गोलाई करून घेतली. तुम्ही लावणार असाल तर पैशाचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर द्यायचा, असं कोटेशनवरच लिहून घ्या. ऐकतील की नाही माहीत नाही, पण लिहून घ्या.

पॅनेलबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. नागपूरचं ऊन जेवढं जास्त तेवढी वीज जास्त, असं मला वाटायचं. तसं नाही. पॅनेलचा सेल पंचवीस अंशांच्या वर जितका तापतो तितका दर अंशाला तिसरा हिस्सा टक्का गमावतो, आणि मेमध्ये तो पासष्टच्या पुढे जातो. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे दिवसाला १४ युनिट झाले, मेच्या ऐन तापात साडेबारा, त्यातही वर धूळ. उलट पॅनेलची सावली जिथे पडते तिथला स्लॅब, म्हणजे दिवाणखान्याचा अर्धा भाग, आता सगळ्यात गार. आईंनी पलंग तिकडे हलवला आहे.

बिल शून्य येत नाही, स्थिर आकार येतोच. पण उन्हाळ्यातही ते दोनशेच्या आत राहिलं. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, मात्र मार्चअखेर जे शिल्लक राहतील त्यांचे चिल्लर मिळतात. डिसेंबरात मुलाने ते शिल्लक युनिट पाहिले आणि म्हणाला, "आई, फुकट चाललेत. एसी घेऊ या." मी वही काढणार होते. काढली नाही.

चुना मात्र वर्षभरही टिकला नाही. पावसाने काही ठिकाणी शेवाळ धरलं, दिवाळीनंतर सगळाच राखाडी झाला. थंडीत आईंची तक्रार वेगळीच, यंदा घर जास्त गारठतं म्हणून. ती खोटी नाही, पांढरं छत जानेवारीतही ऊन परत पाठवतं. तरी फेब्रुवारीत पेंटरांना बोलावलंच. या वेळी दोरी अंगणात हलवली होती, त्यामुळे उत्तरेकडचे गजही कापून टाकले. भंगारवाल्याच्या काट्यावर बावीस किलो भरले, बत्तीसच्या भावाने ७०४ रुपये. पैसे आईंच्या हातात दिले, त्यांनी ते तसेच पेंटरांना दिले. कळीचा चुना त्यात आला. मजुरी वेगळी.